दंतोपचार, नफा आणि रुग्णाला न दिसणारा हिशेब

चेन्नई : तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातील वाणियंबाडी हे चामड्याच्या उद्योगासाठी ओळखले जाणारे शहर चेन्नई-बंगळूरु महामार्गावर, राज्याच्या राजधानीपासून सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावर आहे. जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात उत्तर तमिळनाडूत मेंदूला होणाऱ्या एका दुर्मीळ जिवाणूसंसर्गाचे २१ रुग्ण आढळले. त्यांपैकी दहा जणांनी वाणियंबाडीतील एकाच दंतचिकित्सालयात उपचार घेतले होते आणि या दहांपैकी आठ जणांचा मृत्यू झाला. त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या अकरा रुग्णांपैकी एकच दगावला.

वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची चेन्नईस्थित राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि तमिळनाडूचे सार्वजनिक आरोग्य संचालनालय यांनी या घटनेचा छडा लावला. ‘द लॅन्सेट’ समूहाच्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात २०२५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. संसर्ग न्यूरोमेलिऑयडोसिसचा होता. माती व पाण्यात राहणारा बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय हा जिवाणू त्याला कारणीभूत असतो. त्याच्या प्रवेशाचा मार्ग ठरली ती उपचाराच्या वेळी वापरली जाणारी सलाईनची बाटली. ती निर्जंतुक न केलेल्या शल्य-अवजाराने उघडली जात होती आणि नंतर सैलसर बंद करून पुढच्या रुग्णांसाठी पुन्हा वापरली जात होती.

सलाईनची नवी बाटली शंभर रुपयांच्या आत मिळते. अहवाल कोणाच्या हेतूविषयी भाष्य करत नाही. तो केवळ संसर्गाची साखळी दाखवतो. मात्र दंतवैद्यकीय व्यवसायात रुग्णहित आणि नफा यांचा मेळ कसा घालायचा, या जुन्या प्रश्नाकडे पाहण्याची दिशा या घटनेने बदलली आहे. हा प्रश्न आजवर प्रामुख्याने ‘बिल किती झाले’ या अंगाने चर्चिला गेला. वाणियंबाडीत दगावलेल्यांना बिलाच्या आकड्यावरून धोक्याची कोणतीही सूचना मिळाली नसती. धोका होता तो बिलात न येणाऱ्या गोष्टीत. नफा जेव्हा रुग्णाच्या नजरेआड असलेल्या जागी शोधला जातो, तेव्हा तो सर्वाधिक घातक ठरतो, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे.

दंतशिक्षणाचे शहर, दवाखान्यांची दाटी

देशातील दंतवैद्यकीय अर्थकारण समजून घेण्यासाठी चेन्नईसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. मद्रास मेडिकल कॉलेजचा दंतविभाग म्हणून १९५३ मध्ये सुरू झालेले तमिळनाडू शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आजही शहराच्या मध्यवर्ती भागात उभे आहे. मुंबईत महापालिकेच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयाला जे स्थान आहे, तेच चेन्नईत या संस्थेला आहे. खिशात फारसे पैसे नसलेल्या माणसाचा तो शेवटचा आणि बहुधा पहिलाही आधार असतो. त्याच्या भोवती गेल्या चार दशकांत पोरूर, मदुरवॉयलपासून पूर्व किनारा मार्गापर्यंत खासगी दंत महाविद्यालयांचे वलय तयार झाले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्था क्रमवारीत दंतशिक्षणाच्या गटात २०२३ आणि २०२४ मध्ये पहिला क्रमांक चेन्नईतीलच सविता संस्थेला मिळाला.

या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपैकी अनेकांना शहर सोडायचे नसते. शासकीय सेवेत दंतवैद्यांची पदे मोजकी आहेत. त्यामुळे अण्णा नगर, त्यागराय नगर, अड्यार, वेलाचेरी यांसारख्या वस्त्यांत काही पावलांच्या अंतराने दंतचिकित्सालयांच्या पाट्या दिसतात. अपोलो, क्लोव्ह, पार्थ यांसारख्या साखळ्यांनीही शहरात शाखा उघडल्या आहेत. दुसरीकडे ग्रामीण भागात दंतवैद्य शोधावा लागतो. पुणे, नागपूर, नाशिक येथील वाचकालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

गरज मात्र अपार आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीन अब्ज लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे. रोगी भरपूर, वैद्य भरपूर आणि तरीही शहरातील अनेक खुर्च्या दिवसातील बराच वेळ रिकाम्या, असा हा विरोधाभास आहे. दातांवर खर्च करण्याची ऐपत आणि सवय मर्यादित असल्याने गरज मोठी असूनही मागणी लहान राहते. याच दरीतून पुढचे सगळे ताण जन्माला येतात.

खुर्चीच्या तासाचे गणित

दंतवैद्यकाचे अर्थकारण इतर बाह्यरुग्ण सेवांपेक्षा वेगळे आहे. सर्वसाधारण वैद्याला टेबल, खुर्ची आणि स्टेथोस्कोपवर दवाखाना सुरू करता येतो. दंतवैद्याचा दवाखाना मात्र एक छोटे शल्यगृहच असते. उपचाराची खुर्ची, कॉम्प्रेसर, शोषणयंत्रणा, क्ष-किरण यंत्र, ऑटोक्लेव्ह आणि शेकडो बारीक अवजारे यांवर पहिला रुग्ण येण्याआधीच मोठी रक्कम गुंतलेली असते. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते. २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट लावावी लागते. आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने रुग्णाच्या बिलावर हा कर लागत नाही, पण त्याच कारणाने यंत्रसामग्रीवर भरलेल्या कराची वजावटही दवाखान्याला मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दंतोपचारासह अनेक वैद्यकीय उपकरणांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हा अलीकडचा दिलासा.

एक उदाहरण पाहू. समजा एखाद्या मध्यम दवाखान्याचा भाडे, पगार, वीज आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याचा स्थिर खर्च अडीच लाख रुपये आहे. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे आठ तास धरले तर एका खुर्चीचे २०० तास होतात आणि प्रत्येक तासाचा खर्च १,२५० रुपये पडतो. पण खुर्ची निम्माच वेळ भरलेली असेल, तर तोच खर्च तासाला २,५०० रुपयांवर जातो. दंतवैद्याचा स्वतःचा मोबदला, साहित्याचा आणि प्रयोगशाळेचा खर्च यात धरलेलाच नाही.

या गणितातून सुटण्याचे मार्ग मोजकेच आहेत. दर वाढवता येतात, पण शेजारच्या पाटीशी स्पर्धा असते. अधिक रुग्ण आणता येतात, पण त्यासाठी जाहिरात आणि सवलती लागतात. हे दोन्ही मार्ग रुग्णाला दिसतात आणि त्यांवर तो आपले मत बनवू शकतो. उरलेले दोन मार्ग त्याला दिसत नाहीत. एक, आलेल्या रुग्णावर गरजेपेक्षा अधिक उपचार करणे. दोन, रुग्णाच्या लक्षात न येणारी काळजी कमी करणे. बहुसंख्य दंतवैद्य या दोन्ही वाटा टाळतात. मात्र स्पर्धेचा दाब सर्वांवर सारखाच असतो आणि या आडवाटांवर दिवा लावणारी व्यवस्था दुबळी आहे.

नीती ठरते ती खरेदीच्या यादीत

निर्जंतुकीकरणाचा प्रश्न बहुतेकदा प्रामाणिकपणाचा म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात तो अवजारांच्या संख्येचाही आहे. दात कोरण्याचे हँडपीस प्रत्येक रुग्णानंतर धुऊन, पाकीटबंद करून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवावे लागते. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना साधारण तीन-चार मिनिटे वाफेचा दाब आवश्यक असतो. धुणे, तापणे, सुकणे आणि थंड होणे धरून एक फेरी पूर्ण व्हायला तास-दीड तास सहज लागतो.

आता दोन खुर्च्यांचा दवाखाना घ्या, जिथे प्रत्येक रुग्णाला ४० मिनिटे लागतात. म्हणजे सरासरी दर २० मिनिटांनी एक नवे निर्जंतुक हँडपीस हवे. वापरलेले हँडपीस उपचार आणि निर्जंतुकीकरण मिळून दोन तासांहून अधिक काळ अडकलेले असते. या हिशेबाने अशा दवाखान्याकडे किमान सात हँडपीस हवेत. तीनच असतील, तर पूर्ण भरलेल्या दिवशी दोनच पर्याय उरतात. एक तर रुग्णाला थांबवायचे, नाही तर हँडपीस पुसून पुन्हा वापरायचे. डॉक्टर कितीही सज्जन असला तरी संध्याकाळी सात वाजता, बाहेर पाच माणसे ताटकळत असताना, हा निर्णय त्याच्या सज्जनपणावर सोडणे धोक्याचे आहे. तो निर्णय खरे तर दवाखाना उघडताना, खरेदीची यादी करतानाच झालेला असतो.

रूट कॅनलसाठी वापरल्या जाणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या बारीक फाइलींचेही असेच आहे. प्रत्येक वापरागणिक त्यांना थकवा येतो आणि त्या दाताच्या आतच तुटण्याची शक्यता वाढते. एक फाइल किती दातांसाठी वापरली, हे रुग्णाला कधीच कळत नाही. दोन दवाखान्यांच्या रूट कॅनलच्या दरात हजार-दोन हजारांचा फरक असेल, तर त्यातील किती भाग भाड्याचा, किती कौशल्याचा आणि किती अशा न दिसणाऱ्या काटकसरीचा, हे दरपत्रकावरून ओळखता येत नाही. स्वस्त उपचार निकृष्टच असतो आणि महाग उपचार सुरक्षितच असतो, असेही नाही. चकचकीत स्वागतकक्ष ऑटोक्लेव्हच्या नोंदवहीची साक्ष देत नाही.

गरज कोण ठरवतो?

दुसरी आडवाट अनावश्यक उपचारांची. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांसाठी एक संकल्पना मांडली. मराठीत तिला विश्वासवस्तू म्हणता येईल. या व्यवहारात काय हवे हे विक्रेताच ठरवतो आणि सेवा घेतल्यानंतरही ती खरोखर हवी होती का, हे ग्राहकाला कळत नाही. मोटार दुरुस्ती हे त्याचे नेहमीचे उदाहरण. दंतोपचार हे दुसरे.

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे संशोधकांनी याची प्रत्यक्ष चाचणी घेतली. उपचाराची गरज नसलेला एक परीक्षक-रुग्ण १८० दंतवैद्यांकडे गेला. त्यांपैकी २८ टक्के दंतवैद्यांनी त्याला अनावश्यक उपचार सुचवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील आणखी एक निरीक्षण चेन्नईसाठी अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांच्याकडे रुग्णांची प्रतीक्षायादी लांब होती, ते दंतवैद्य अनावश्यक उपचार कमी सुचवत होते. रिकामी खुर्ची सल्ला वाकवते, असा त्याचा सरळ अर्थ. स्कॉटलंडमधील सरकारी सेवेच्या नोंदींवर आधारित २०१८ च्या अभ्यासातही प्रत्येक कामागणिक मोबदला मिळणारे दंतवैद्य पगारी दंतवैद्यांपेक्षा अधिक क्ष-किरण चित्रे काढत असल्याचे दिसले.

येथे दंतवैद्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. सल्ल्यातील प्रत्येक मतभेद म्हणजे लबाडी नव्हे. दाताच्या बाह्य कवचावरील सुरुवातीची कीड कोरून भरावी की फ्लोराइड लावून सहा महिने वाट पाहावी, यावर दोन प्रामाणिक तज्ज्ञांचे मत वेगळे असू शकते. रुग्ण पुन्हा तपासणीला येईल याची खात्री नसेल, तर दंतवैद्य लवकर हस्तक्षेप करण्याकडे झुकतो आणि त्यामागे काळजीही असते.

प्रश्न असा की दर ठरवण्याची आपली पद्धत कोणत्या निर्णयाला बक्षीस देते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा समावेश केला. यांतील शेवटचे द्रावण किडलेल्या भागावर लावले की कीड अनेकदा तिथेच थांबते. भूल लागत नाही, कोरावे लागत नाही. त्याने तो भाग काळा पडतो, ही त्याची मर्यादा. पण ते लावायला काही मिनिटे पुरतात आणि त्याचे बिल लहान होते. घासायचे कसे, खायचे काय, वाट पाहणे का योग्य, हे समजावून सांगायला वीस मिनिटे लागतात आणि त्याचे बिल होतच नाही. रूट कॅनल आणि त्यावरची टोपी यांचे बिल हजारांत जाते, इम्प्लांटचे त्याहून पुष्कळ पुढे. दात वाचवणारा सल्ला तोट्याचा आणि दात कोरणारे काम फायद्याचे, अशी ही रचना आहे. ती व्यक्तीच्या नीतीआधी तपासायला हवी.

‘मोफत तपासणी’च्या पाट्या या रचनेचाच भाग आहेत. तपासणीचे शुल्क शून्य असेल, तर तपासणाऱ्याच्या वेळेची भरपाई पुढच्या उपचारातून व्हावी लागते. ‘काही करण्याची गरज नाही’ असे सांगणारा दंतवैद्य त्या दिवशी नुकसानीत जातो. वाजवी सल्लाशुल्क देणे रुग्णाला जड वाटते, पण निष्पक्ष सल्ल्याची ती किंमत असते.

लक्ष्य, टक्केवारी आणि साखळ्या

दबावाचे आणखी एक रूप नोकरी करणाऱ्या दंतवैद्यांच्या वाट्याला येते. पाच वर्षांची पदवी आणि काहींच्या बाबतीत तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेल्या तरुणाच्या डोक्यावर शिक्षणाचा मोठा खर्च असतो. स्वतःचा दवाखाना थाटणे शक्य नसते. मग तो दुसऱ्याच्या दवाखान्यात अल्प पगारावर किंवा केलेल्या कामाच्या टक्केवारीवर रुजू होतो. रूट कॅनल, दात सरळ करणे, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया यांचे विशेषज्ञ अनेक दवाखान्यांत फिरतात आणि प्रत्येक कामागणिक वाटा घेतात. ही पद्धत बेकायदा नाही. छोट्या दवाखान्याला विशेषज्ञाची सेवा परवडते ती याच पद्धतीमुळे. पण टक्केवारी पगारापेक्षा मोठी झाली, किंवा महिन्याचे लक्ष्य ठरवून दिले गेले, की उपचाराचा आराखडा रुग्णाच्या तोंडाकडे पाहून बनतो की महिन्याच्या तारखेकडे पाहून, हा संशय रास्त ठरतो.

साखळ्यांविषयीचे मत एकांगी असू नये. मोठ्या संस्थेला निर्जंतुकीकरणाची लेखी कार्यपद्धती, संगणकीय नोंदी आणि तक्रारनिवारण राबवणे सोपे जाते. एकट्या दवाखान्याला जे सात हँडपीस जड वाटतात, ते साखळीला वाटत नाहीत. मात्र गुंतवणूकदाराचा परतावा वैद्यकीय निर्णयात शिरला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. गरीब मुलांवर सरकारी योजनेतून उपचार करणाऱ्या ‘स्मॉल स्माइल्स’ या दवाखान्यांची व्यवस्थापन कंपनी अनावश्यक उपचार करून सरकारकडून पैसे उकळत असल्याचा आरोप झाला. जानेवारी २०१० मध्ये कंपनीने २ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढे २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. त्यानंतर २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या अहवालाने मूळ रोगावर बोट ठेवले. दवाखान्याचा मालक कागदोपत्री दंतवैद्य, पण निर्णयाचे खरे अधिकार कंपनीकडे.

भारतात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण येथे पैसे मोजणारा तिसरा पक्ष नाही. बहुतेक आरोग्यविमा योजना अपघातातील इजा वगळता नेहमीचे दंतोपचार वगळतात. आयुष्मान भारतसारख्या योजनांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. विमा कंपनी किंवा सरकार पैसे देत असेल, तर ते निदान कागदपत्रे तरी मागतात. येथे रुग्ण स्वतःच्या खिशातून देतो, अनेकदा दवाखान्यातच मिळणाऱ्या हप्त्यांच्या सोयीवर, आणि कागद मागण्याचा त्याला संकोच वाटतो.

कायदा आहे, नजर कमी

नियमांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. दंतवैद्यांसाठीच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेत रुग्णाचे हित प्रथम, शुल्काची कल्पना उपचाराआधी आणि रुग्ण पाठवण्याबद्दल दलाली निषिद्ध, ही तत्त्वे नमूद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेसाठी गृहीत धरता येत नाही. पर्याय आणि धोके सांगूनच संमती घ्यावी लागते, असे त्या निकालाने स्पष्ट केले. भूल दिलेल्या अवस्थेत ‘शेजारचा दातही करून टाकू’ असे ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल ठाऊक असायला हवा.

तमिळनाडूने वैद्यकीय आस्थापनांच्या नियमनाचा कायदा १९९७ मध्येच केला. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन नियम लागू झाले. त्यानुसार खाटा नसलेल्या दंतचिकित्सालयांनाही नोंदणी करावी लागते. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही आणि राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या ठिकाणांना लागू होतो. त्यामुळे मुंबई-पुण्यातील बहुतांश दंतचिकित्सालये त्याच्या कक्षेबाहेर राहतात. या बाबतीत तमिळनाडू पुढे आहे. पण वाणियंबाडीची घटना त्याच तमिळनाडूत घडली, हेही विसरता येत नाही. नोंदणीमुळे दवाखाना कुठे आहे ते कळते. आत बाटली कशी उघडली जाते ते कळायला तपासणी लागते.

केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत करून १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेणारी नवी चौकट आखली. खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांच्या शुल्कासाठी मार्गदर्शक तत्त्वे आणि पदवीच्या शेवटी समान परीक्षा या तरतुदी त्यात आहेत. शुल्काचा मुद्दा वरकरणी रुग्णाशी संबंधित वाटत नाही. पण कर्जाच्या ओझ्याखाली व्यवसायात उतरणारा पदवीधर ते ओझे अखेर रुग्णाच्या बिलावरच उतरवतो. त्यामुळे शिक्षणाचे शुल्क हा रुग्णहिताचाही विषय आहे.

न दिसणारे दिसू लागले तर

तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये शाळकरी मुलांच्या दंततपासणीसाठी ‘पुन्नगई’, म्हणजे स्मित, ही योजना सुरू केली. कीड लहान असताना सापडली तर उपचार स्वस्त आणि सोपा होतो. पुढच्या महागड्या निर्णयांची वेळच येत नाही. सार्वजनिक सेवा बळकट झाल्यास तिचा दुसरा लाभ असा की रुग्णाला विक्रीचा हेतू नसलेले दुसरे मत मिळते. चेन्नईतील शासकीय दंत रुग्णालय ही भूमिका आजही पार पाडते. मात्र राज्यभरात चेन्नई, चिदंबरम आणि पुदुक्कोट्टई येथे मिळून अशी शासकीय महाविद्यालये तीनच आहेत.

खासगी दवाखान्यांबाबत दरांवर मर्यादा घालण्याची मागणी अधूनमधून होते. तिचा धोका वरील गणितातच दडलेला आहे. दिसणारी किंमत दाबली आणि न दिसणारी काळजी मोकळी सोडली, तर काटकसर नेमकी तिथेच होईल. त्यापेक्षा झाकलेल्या जागा उघड करणे परिणामकारक ठरेल. उपचाराआधी पर्याय, वाट पाहण्याचा पर्यायसुद्धा, आणि प्रत्येकाचा खर्च लिहून देणे. क्ष-किरण चित्राची प्रत रुग्णाला देणे. टोपी किंवा इम्प्लांटचे उत्पादकाचे कार्ड हाती ठेवणे. निर्जंतुक पाकीट रुग्णासमोर उघडणे. ऑटोक्लेव्हच्या जैविक चाचणीची नोंद तपासणीस खुली ठेवणे. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. शासनाच्या तपासणी पथकाने पाटी आणि परवाना पाहण्याबरोबर खुर्च्यांच्या तुलनेत हँडपीस किती, एवढे मोजले तरी पुष्कळ काही उघड होईल. नोकरदार दंतवैद्याच्या मोबदल्यात स्थिर पगाराचा भाग मोठा आणि टक्केवारीचा लहान ठेवणे हा मालकाच्या हातातील उपाय आहे.

लेखी नोंदीचे महत्त्व या भूमीला नवे नाही. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात रुग्णोपचाराची व्यवस्था उभी केली होती. तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवलेल्या असून त्या आजही जतन केलेल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी हाताने काढलेल्या चित्रांतून जे साधले, ते आज मोबाइलमधील एका छायाचित्राने साधता येते. कोरण्याआधीचा दात आणि नंतरचा दात रुग्णाने पाहिला, तर विश्वासाला पुरावा मिळतो.

नफा नसेल तर दवाखाना चालणार नाही. नवे ऑटोक्लेव्ह येणार नाही, प्रशिक्षित सहायक टिकणार नाही. तोट्यातील दवाखाना रुग्णासाठी सुरक्षित असतो, हा समजही भाबडाच. त्यामुळे दंतवैद्याने नफा कमवावा की नाही, हा वाद निरर्थक आहे. तो कोठून कमावला जातो, हे रुग्णाला पाहता यावे, एवढीच अपेक्षा आहे. वाणियंबाडीतील त्या खुर्चीवर बसलेल्या दहा जणांना ती बाटली कधी आणि कशाने उघडली, हे विचारण्याचे सुचले नसेल. सुचण्याची गरजही पडायला नको होती. पुढच्या रुग्णाला तो प्रश्न विचारावा लागू नये, यासाठी नियामकाने आधी तो विचारायला हवा.